'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घराघरात नेणाऱ्या गॉसने शेवाळाचा बंदोबस्त कसा केला होता?

उल्हास नदीचं पाणी शहाडला उचललं जातं, भिवंडीजवळच्या टेमघरला शुद्ध होतं आणि तिथून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरच्या नळांपर्यंत पोहोचतं. हे काम करणाऱ्या 'स्टेम' कंपनीचं नावसुद्धा शहाड आणि टेमघर या दोन गावांवरूनच आलंय. (मुळशीतलं टेमघर धरण वेगळं, गल्लत नको.)

आता समजा, टेमघरमध्येच कुणीतरी हौसेने घरात खाऱ्या पाण्याचा फिश टँक लावला. नळाचं पाणी घेतलं, त्यात दुकानातलं समुद्री मीठ कालवलं, दगड रचले, दोन क्लाउनफिश सोडले. पुढे काय होतं हे या छंदातल्या कुणालाही विचारा. आधी वाळूवर तपकिरी थर येतो. मग काचेवर हिरवी साय धरते. आणि एके दिवशी दगडांवर केसांसारखं लांब शेवाळ डोलायला लागतं.

मग घाबरून माणूस शेवाळ मारायच्या औषधाची बाटली आणतो. अशा काही औषधांमध्ये तांबं असतं. शेवाळ मरतं, पण तांब्याने शंख आणि कोळंबीही मरतात. त्यांची आणि मेलेल्या शेवाळाची घाण पाण्यात कुजते, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. शेवाळ घालवण्याच्या नादात टँकच जातो.

गंमत म्हणजे हे कोडं अजिबात नवीन नाही. १७० वर्षांपूर्वी लंडनमध्ये, वीज नाही, पंप नाही, फिल्टर नाही अशा काळात एक माणूस काचेच्या भांड्यात समुद्र जगवायचा प्रयत्न करत होता. त्याच्याही काचा हिरव्या होत होत्या. त्याचं नाव फिलिप हेन्री गॉस. आपण आज सहज 'अ‍ॅक्वेरियम' म्हणतो, तो शब्द या अर्थाने रूढ केला तो यानेच.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, इंग्लंडमधल्या वुस्टरचा. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी चित्रं काढून देणारे चित्रकार. म्हणजे घरात कला भरपूर आणि पैसा बेताचा. कुटुंब लवकरच पूल नावाच्या बंदरात राहायला आलं आणि पोराला समुद्र मिळाला. त्याची एक आत्या होती, सुसान बेल. तिला निसर्गाची आवड होती. दगडाला चिकटलेली समुद्रफुलं भांड्यात समुद्राचं पाणी घेऊन जिवंत ठेवता येतात, हे या भाच्याला तिने दाखवलं.

कॉलेज वगैरे काही नाही. पंधराव्या वर्षी तो एका पेढीवर कारकून म्हणून चिकटला आणि १८२७ मध्ये, सतराव्या वर्षी, थेट अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडला गेला. तिथल्या कार्बोनियर गावात कॉड मासे आणि सीलच्या व्यापाराचे हिशेब लिहायचं काम होतं. आठ वर्षं त्याने खातेवह्या भरल्या. फावल्या वेळात किडे गोळा केले, सूक्ष्मदर्शकावरचं एक पुस्तक विकत घेतलं आणि स्वतःच स्वतःला निसर्गशास्त्र शिकवलं.

पुढची काही वर्षं म्हणजे फसलेल्या बेतांची यादी आहे. १८३५ मध्ये कॅनडात शेती करायला गेला, जमली नाही. १८३८ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात मळेवाल्यांच्या मुलांना शिकवायला गेला. तिथे गुलामांचे हाल बघून त्याचं मन उडालं, पण जाताना त्या भागातल्या किड्या-फुलपाखरांच्या चित्रांची एक वही तयार करून घेऊन गेला. १८३९ मध्ये इंग्लंडला परत. तेव्हा वय २९ आणि खिसा रिकामा. मग पुस्तकं लिहायला लागला आणि ती चालली. १८४४ ते १८४६ जमैकात राहून तिथल्या पक्ष्यांवर त्याने केलेलं काम आजही पक्षी अभ्यासक मानतात.

१८४८ मध्ये त्याने एमिली बोज हिच्याशी लग्न केलं. दोघंही कट्टर धार्मिक. ती स्वतः धार्मिक पुस्तिका लिहायची. १८४९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांना मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशी गॉसने डायरीत मुलाच्या जन्माची नोंद केली आणि लगेच पुढे जमैकाहून एक हिरवी पाकोळी मिळाल्याचंही लिहून टाकलं. माणूस कसा होता ते एवढ्यावरून कळावं.

आता मूळ मुद्द्याकडे.

त्या काळात समुद्री जीव घरात दोन-चार दिवसांच्या वर टिकत नसत. पाणी नासायचं. लंडनमध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी १८४६ पासून प्रवाळ जगवून दाखवले होते, पण त्यासाठी घरातली मोलकरीण रोज पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची. हवा मिसळायची दुसरी सोय काय होती? आजचा एअर पंप करतो तेच काम ती हाताने करत होती. तिचं नाव मात्र कुठे येत नाही.

दुसरा प्रयोग एका केमिस्टने केला आणि शेवाळाच्या बाबतीत तोच महत्त्वाचा ठरला. रॉबर्ट वॉरिंग्टन याने गोड्या पाण्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. हिशेब सरळ होता. मासा सोडतो ते वनस्पती घेते, वनस्पती सोडते ते मासा घेतो. पण झालं भलतंच. वनस्पतीची जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टनने औषध टाकलं नाही. त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, हिरवा थर खाल्ला आणि पाणी निवळलं. वर त्यांची अंडी माशांनी खाल्ली! १८५० मध्ये त्याने हे सगळं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं. आज दुकानदार ज्याला 'क्लीनअप क्रू' म्हणून विकतात, त्याची ही सुरुवात.

त्याच सुमारास गॉसही समुद्राच्या पाण्यावर असेच प्रयोग करत होता. १८५२ मध्ये तब्येत बिघडली म्हणून तो बायको-मुलासह डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. ओहोटीला कमरेपर्यंत पाण्यात उतरायचं, खडकांतल्या डबक्यांत डोकवायचं, आणि सापडेल ते काचेच्या बरण्यांत जगवून बघायचं, हा त्याचा दिनक्रम. समुद्री शेवाळाला मुळं नसतात, ते खडकाला नुसतं धरून असतं, उपटलं तर मरतं, हे त्याला चांगलं माहीत होतं. म्हणून तो छिन्नी-हातोडीने खडकाचा तुकडाच शेवाळासकट काढायचा. आज टँकमध्ये जो 'लाइव्ह रॉक' टाकतात, तो याहून फार वेगळा नाही.

तर गॉसच्या टँकमध्ये शेवाळ शत्रू नव्हतंच. ते त्याने मुद्दाम आणलेलं होतं. लाल आणि हिरवी, पसरट पानांची समुद्री शेवाळं पाणी चांगलं ठेवतात असा त्याचा अनुभव होता. नको होतं ते आपोआप काचेवर येणारं बारीक हिरवं. आणि त्यासाठी त्याने किनाऱ्यावरचे साधे शंख ठेवले, पेरिविंकल आणि ट्रोकस जातीचे.

पुढे त्याने जे केलं ते खास गॉसचं. काचेवर चढलेल्या शंखाकडे तो भिंग घेऊन बघत बसला. शंखाची जीभ म्हणजे हजारो बारीक दात असलेली एक फीत असते. ती काचेवर आत-बाहेर फिरते, शंख जरा पुढे सरकतो, पुन्हा फिरते. मागे स्वच्छ पट्टा उरतो. गवत कापणारा माणूस विळा चालवत शेतातून पुढे जातो आणि मागे कापलेल्या ओळी उरतात, तसंच हे दृश्य त्याला वाटलं. आजही ट्रोकस आणि टर्बो शंख समुद्री टँकमधले सगळ्यात भरवशाचे सफाई कामगार मानले जातात.

पण इथे एक गोष्ट लोक विसरतात. शंख शेवाळ खातो म्हणजे ते गायब होत नाही. त्याची विष्ठा होते, तिच्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट परत पाण्यात येतं, आणि तेच पुढच्या शेवाळाचं खत. त्यामुळे शंखाच्या जोडीला शेवाळ हाताने उपटून बाहेर काढणं, माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं देणं आणि थोडं थोडं पाणी बदलणं यांना पर्याय नाही. एकदम पन्नास शंख सोडणंही चूक. आठवड्याभरात शेवाळ संपतं आणि ते उपाशी मरून कुजतात. शंखात राहणारे खेकडे सोडणार असाल तर रिकामे शंखही टाका, नाहीतर घरासाठी ते जिवंत शंखांचा खून पाडतात.

१८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाऊस' उघडलं. जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय. त्यासाठी समुद्री जीव जमवून पाठवणाऱ्यांत गॉस आघाडीवर होता. पुढच्याच वर्षी त्याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं, त्यानेच काढलेल्या रंगीत चित्रांसह. तोवर लोक या प्रकाराला 'व्हिव्हेरियम', 'अ‍ॅक्वा-व्हिव्हेरियम' असं काहीबाही म्हणत होते. गॉसने सुटसुटीत शब्द निवडला. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्येच रद्द झाला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात टँक ठेवायची लाटच आली.

पण लंडनला समुद्र कुठाय? हा प्रश्न टेमघरसारखाच. भिवंडीला खाडी आहे, पण खाडीचं पाणी टँकमध्ये ओतायची हिंमत कोण करेल? तेव्हाचे हौशी लोक जहाजावरच्या माणसाला चार पैसे देऊन थेम्सच्या मुखापलीकडचं पाणी पिंपात भरून आणवायचे. गॉसने त्यावर उपाय काढला आणि १८५४ मध्ये कृत्रिम समुद्राच्या पाण्याची कृती छापली. सुमारे साडेचार लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम साधं मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड. बास. आज डब्यात मिळणाऱ्या 'रीफ सॉल्ट'चा हा आजोबा. (घरी करून बघू नका. यात चुना म्हणजे कॅल्शियमच नाही, प्रवाळ जगणार नाहीत.)

कृतीइतकाच त्याचा क्रम बघण्यासारखा आहे. पाणी तयार झालं की तो आधी शेवाळ टाकायचा, आठवडाभर थांबायचा, आणि मगच प्राणी सोडायचा. त्याला वाटायचं, या काळात शेवाळ पाण्यात ऑक्सिजन भरतं. खरं कारण त्याला कळणं शक्यच नव्हतं. खडकावर आणि शेवाळावर बसून आलेले जिवाणू माशांच्या मूत्रातला विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. हे जिवाणूंचं काम आहे हे विज्ञानाला समजायला १८७७ उजाडलं. म्हणजे गॉसचं स्पष्टीकरण अर्धवट होतं, पण सवय बरोबर होती. आज आपल्याकडे स्पष्टीकरण पूर्ण आहे आणि सवय मात्र पहिल्याच दिवशी मासे सोडायची!

याच जिवाणूंमुळे टँकमध्ये औषध ओतताना दहा वेळा विचार करावा लागतो. लाल-जांभळी बुळबुळीत चादर पसरली तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात. त्यावर अँटिबायोटिक चालतं, पण ते अमोनिया पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही धक्का देऊ शकतं. त्यापेक्षा चादर नळीने ओढून काढा, पाण्याचा प्रवाह वाढवा, खाणं कमी करा. वेळ जास्त लागतो, पण कुणी मरत नाही.

पाण्याचंही तेच. टेमघरसारख्या शुद्धीकरण केंद्राचं काम गाळ आणि रोगजंतू काढणं हे असतं. विरघळलेला नायट्रेट किंवा सिलिका वेचून काढणं हे त्याचं काम नाही, आणि पिणाऱ्याला त्याची गरजही नाही. टँकला असते. नव्या टँकमधल्या तपकिरी थराला, म्हणजे डायटम्सना, सिलिका लागतंच. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं. म्हणून समुद्री टँकवाले मीठ कालवायला आरओ-डीआयचं पाणी घेतात. निम्मं शेवाळ इथेच टळतं म्हटलं तरी चालेल.

राहिला उजेड. टँक खिडकीजवळ असावा, पण थेट उन्हाला पडद्याचा आडोसा हवा, असं गॉसचं सांगणं होतं. ऊन पडलं की पाणी तापतं आणि हिरवळ भडकते. याच धाग्यावर पुढे विल्यम आल्फर्ड लॉईड या अ‍ॅक्वेरियम विक्रेत्याने कमाल केली. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने जे मत्स्यालय उभारलं, त्यात खाली एक मोठी अंधारी टाकी होती. टँकमधलं पाणी त्या टाकीतून सतत फिरायचं आणि अंधारात हिरव्या बीजाणूंचं काही चालायचं नाही. आजच्या टँकखाली कपाटात लपवलेला 'संप' बघितला की लॉईड आठवावा. फरक इतकाच, की आता काही जण त्याच संपमध्ये दिवा लावून केटोमॉर्फा नावाचं शेवाळ वाढवतात. ते खत खाऊन फुगतं, दर काही आठवड्यांनी मूठभर काढून फेकायचं, आणि वरच्या टँकमधलं शेवाळ उपाशी राहतं. शेवाळाला शेवाळाने मारायचं. गॉस खूश झाला असता.

खत शून्यावर आणायचा हट्ट मात्र नको. नायट्रेट-फॉस्फेट पार संपलं की डायनोफ्लॅजेलेट्स नावाची तपकिरी, बुडबुड्यांची चिकट बला येऊ शकते, आणि तिच्यापुढे हिरवं शेवाळ परवडलं.

एवढं यश मिळाल्यावर गॉसचं पुढचं आयुष्य सुखात गेलं असेल असं वाटतं ना? १८५५ मध्ये तो इल्फ्राकूमला किनाऱ्यावर लोकांचे वर्ग घेत होता. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. त्याच वर्षी एमिलीला स्तनाचा कर्करोग असल्याचं निघालं. शस्त्रक्रियेऐवजी एका अमेरिकन डॉक्टरचे नवे, अत्यंत वेदनादायी उपचार त्यांनी निवडले. १० फेब्रुवारी १८५७ ला ती गेली. एडमंड सात वर्षांचा होता.

त्याच वर्षी गॉसने आयुष्यातला सगळ्यात फसलेला डाव खेळला. पृथ्वी बायबलमध्ये आहे तशीच अचानक निर्माण झाली, जीवाश्मसुद्धा तसेच तयार घडवले गेले, असं सांगणारं 'ओम्फलोस' हे पुस्तक त्याने लिहिलं. शास्त्रज्ञ हसले आणि धार्मिक लोकही वैतागले. देवाने दगडांत खोटा पुरावा पेरला असं कोणता भक्त मान्य करेल? किनाऱ्याच्या वेडात त्याच्यासोबत असणाऱ्या चार्ल्स किंग्सलीलाही ते पटलं नाही. दोनच वर्षांनी डार्विनचं पुस्तक आलं. आज गॉसचं नाव निघतं ते बहुतेक वेळा या हशासाठी, हा त्याच्यावर अन्याय आहे. काचेवरच्या शंखाची जीभ तासनतास बघणारा माणूसही तोच होता.

लंडन सोडून तो मुलासोबत डेव्हनमधल्या सेंट मेरीचर्चला राहायला गेला. तिथे त्याने ब्रिटनमधल्या समुद्रफुलांवर आणि प्रवाळांवरचा मोठा ग्रंथ १८६० पर्यंत पूर्ण केला. त्याच वर्षी एलायझा ब्राइटवेनशी दुसरं लग्न झालं. पुढे ऑर्किडचा नाद लागला. उतारवयात रोटिफर या सूक्ष्म जिवांवरच्या ग्रंथात त्याने सी. टी. हडसनची साथ केली. २३ ऑगस्ट १८८८ रोजी तो वारला.

पण त्याला शेवटपर्यंत सलत राहिलेली गोष्ट 'ओम्फलोस' नव्हे, वेगळीच होती. त्याच्या पुस्तकांनी लोकांना किनाऱ्यावर पाठवलं होतं. हातात छिन्नी-हातोडी घेऊन झुंडी आल्या. जे गॉस एकेक करून काढायचा, ते त्यांनी टोपल्या भरून नेलं. बहुतेकांच्या टँकमध्ये ते चार दिवसही जगलं नाही. पाणी नासलं, काच हिरवी झाली, टँक अडगळीत गेला आणि दशकभरात ही लाट ओसरली. डबकी मात्र रिकामीच राहिली.

आपल्याकडे यावर निदान कायदा आहे. समुद्री घोडे, समुद्री काकड्या आणि प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे मुंबईच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळाचा तुकडा घरच्या टँकसाठी उचलणं हा गुन्हा ठरतो. दुकानात कुणी असा माल पुढे केला तर तो कुठून आला, हे विचारायला हरकत नाही.

वडिलांसोबत त्या डबक्यांवर वाकून मोठा झालेला एडमंड पुढे नावाजलेला साहित्यिक झाला. वडिलांच्या कडक धर्माशी त्याचं पटलं नाही आणि त्या भांडणावर त्याने १९०७ मध्ये 'फादर अँड सन' हे पुस्तक लिहिलं. त्यातली काही पानं त्या किनाऱ्यावर आहेत. लहानपणी बागेसारखी भरलेली डबकी आता उरली नाहीत, असं त्याने लिहिलंय. वडिलांच्या हयातीतच ती लुटली गेली होती, आणि आपल्याच पुस्तकांमुळे हे झालं याचं दुःख वडिलांना होतं, हेही त्याने नोंदवून ठेवलंय.